लाल पेनाने सुरुवात करा : ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) थोपवणाऱ्या पेशींचा नकाशा कसा काढायचा

काळं पेन आधी बाजूला ठेवा. शिकवणीला नव्याने येणारी पोरं श्रवणमार्गाचा जो कागद घेऊन येतात तो सगळा काळा असतो. कानातून निघालेली एक रेघ, तिच्यावर ओळीने ठिपके, म्हणजे वाटेतले पेशींचे पुंजके (न्यूक्लियस किंवा केंद्रकं) आणि टप्पे : कॉक्लिअर न्यूक्लियस, सुपीरिअर ऑलिव्ह, लॅटरल लेम्निस्कस, इन्फिरिअर कॉलिक्युलस, मिडिअल जेनिक्युलेट, कॉर्टेक्स. आद्याक्षरं घोकून पाठ असतात. मग मी विचारते, "हाक उजवीकडून आली हे यातल्या कुठल्या ठिपक्याला कळलं?" वर्ग गप्प. कळणार कसं? उत्तर त्या रेघेत नाहीच. ते आहे रेघेच्या आजूबाजूला बसलेल्या इनहिबिटरी न्यूरॉन्समध्ये, म्हणजे दुसऱ्या पेशीला थोपवणाऱ्या पेशींमध्ये. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत त्यांना बहुतेक वेळा जागाच दिलेली नसते.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला राहते, फिजिओलॉजी शिकवते. संध्याकाळी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची, फिजिओथेरपीची आणि ऑडिओलॉजीची मुलं येतात. कोण बार्शीचं, कोण मंगळवेढ्याचं, बाकीची हॉस्टेलवरची. शिकवायची खोली भावाच्या टॉवेल कारखान्याला लागून आहे. भिंतीपलीकडे माग चालू असले की मला आवाज चढवावा लागतो. पण कानाचा धडा शिकवायला याहून बरी जागा शोधून सापडली नसती. खाली जे लिहिलंय ते मी वर्गात करून घेते तेच. परीक्षा नसलेल्या माणसालाही करता येईल. कागद, काळं-लाल-निळं अशी तीन पेनं, मोबाइल किंवा लॅपटॉप आणि वायरचे इअरफोन एवढंच लागतं.

कागद मोठा घ्या. नवी पेठेत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंग शीट मिळते. ती आडवी धरा आणि मधोमध उभी तुटक रेघ मारा. ही शरीराची मध्यरेषा. डावी-उजवी दोन्ही बाजू काढायच्याच. अर्धं चित्र काढून खाली "दुसरी बाजू अशीच" असं लिहिणाऱ्याला मी तो कागद परत देते, कारण या मार्गातलं निम्मं काम मध्यरेषा ओलांडण्यात आहे.

खूण ठरवून घ्या. उत्तेजित करणारी पेशी काळी, तिच्या तंतूच्या टोकाला बाण. थोपवणारी पेशी लाल, तिच्या टोकाला छोटी आडवी रेघ. लाल पेशी काढली की तिच्याशेजारी चार गोष्टी लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही : ती कुणाच्या सांगण्यावरून पेटते, कुठलं रसायन सोडते, समोरच्या पेशीच्या कुठल्या भागावर बसते, आणि तिचा संदेश कधी पोचतो. पहिले दोन प्रश्न सगळी मुलं सोडवतात. तिसऱ्याला निम्मी गळतात. चौथा तर कुणाला सुचतच नाही, आणि मला विचाराल तर ब्रेनस्टेममध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सुरुवात एकाच पेशीपासून

कागदाच्या खालच्या भागात, मध्यरेषेच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना एकेक लाल गोल काढा. हा मिडिअल न्यूक्लियस ऑफ द ट्रॅपेझॉइड बॉडी. सगळे त्याला एमएनटीबी म्हणतात. जागा पॉन्सच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या तुकड्याच्या, खालच्या भागात. सगळ्या ब्रेनस्टेममध्ये मी हीच पेशी आधी का घेते? कारण तिची चारही उत्तरं स्वच्छ मिळतात.

तिला पेटवणारी पेशी समोरच्या बाजूच्या कॉक्लिअर न्यूक्लियसमधली ग्लोब्युलर बुशी सेल. ती काळ्याने काढा, तिचा तंतू मध्यरेषा ओलांडून आणा आणि लाल गोलाला भिडवा. हा तंतू जाड आहे, मायलिनचं वेष्टणही जाड. म्हणून संदेश वेगाने येतो. टोकाला साधा बाण पुरणार नाही. इथे लाल पेशीच्या अंगाला मोठ्या भागावर लपेटणारं एक अवाढव्य टोक आहे. हान्स हेल्ड या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला कॅलिक्स ऑफ हेल्ड म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतल्या सर्वांत मोठ्या सिनॅप्सपैकी, म्हणजे दोन पेशींमधल्या सांध्यांपैकी, हा एक. रसायन सोडणाऱ्या शेकडो जागा त्या एकाच टोकात आहेत, आणि मोठ्या वयाच्या प्राण्यात साधारणपणे एका पेशीला असं एकच टोक असतं. एवढा थाट कशासाठी? चुकायचं नाही आणि उशीर करायचा नाही, यासाठी. इथला सिनॅप्सचा विलंब अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत असतो.

एमएनटीबी सोडते ग्लायसीन, सगळ्यात साधं अमिनो आम्ल. समोरच्या पेशीवर ग्लायसीनचा रिसेप्टर म्हणजे क्लोराइडचं दार. ते उघडलं की पेशीचा उत्साह मावळतो. ब्रेनस्टेमच्या खालच्या भागात आणि मज्जारज्जूत ग्लायसीनचं राज्य. वर कॉलिक्युलसकडे जाल तसा गाबा या दुसऱ्या थोपवणाऱ्या रसायनाचा वाटा वाढत जातो. कागदाच्या कडेला खालून वर "ग्लायसीन" पासून "गाबा" पर्यंत एक लाल बाण काढून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता इथे एक गोष्ट लक्ष देऊन करा. एमएनटीबीचा तंतू मध्यरेषा ओलांडत नाही. ओलांडलेलं असतं ते बुशी सेलच्या तंतूने. उजवीकडची लाल पेशी डाव्या कानाची बातमी ऐकते, पण ती थोपवते उजवीकडच्याच शेजाऱ्यांना. दरवर्षी वर्गातले निम्मे कागद इथे फसलेले असतात, कारण मुलं लाल तंतूलाही पलीकडे नेतात आणि मग वजाबाकी स्वतःशीच होऊन बसते.

वजाबाकी : लॅटरल सुपीरिअर ऑलिव्ह

लाल गोलाच्या बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला, नागमोडी आकाराचं केंद्रक काढा. हे एलएसओ. माणसात ते लहान आहे, उंच आवाज ऐकणाऱ्या उंदीर-वटवाघळांत ठसठशीत. त्यात दोन गोष्टी येऊन मिळतात. त्याच बाजूच्या कानाकडून स्फेरिकल बुशी सेलचा काळा बाण, आणि शेजारच्या एमएनटीबीकडून लाल आडवी रेघ. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहा : लाल टोकं मुख्यतः पेशीच्या मूळ अंगावर आणि त्याच्या जवळ बसतात, लांबच्या फांद्यांवर नाही. जिथून विद्युतलहर निघायची तिथेच हात धरलेला.

आकडे घालून बघू. आकडे मनाचे आहेत, फक्त हिशोबासाठी. आवाज उजवीकडून आला. उजव्या कानाने उजव्या एलएसओला ८० दिले. डोक्याच्या आडोशामुळे डाव्या कानाला आवाज मंद पोचला. त्याची बातमी मध्यरेषा ओलांडून, उजव्या एमएनटीबीतून लाल होऊन आली : वजा ३०. उरले ५०. डाव्या एलएसओत उलटं : ३० मधून ८० गेले, म्हणजे शून्यच, कारण पेशी उणे पेटू शकत नाही. समोरून आवाज आला तर दोन्हीकडे सारखंच उरतं. दोन कानांतल्या तीव्रतेचा फरक असा पेशींच्या भाषेत उतरतो. आता लाल पेन उचलून घ्या आणि तोच हिशोब करा. उजवीकडे ८०, डावीकडे ३०. फरक अजूनही आहे, असं एखादा हुशार पोरगा म्हणतो. बरोबर आहे त्याचं, पण मग आवाज सगळाच मोठा झाला, १६० आणि ६० झाले, तर? नुसत्या उजव्या आकड्यावरून आवाज मोठा झाला की उजवीकडे सरकला हे सांगता येत नाही. वजाबाकी झालेली पेशी ते बरंचसं सांगते.

चौथा प्रश्न, कधी. डाव्या कानाचा रस्ता लांब आहे, मध्ये एक सिनॅप्सही जास्तीचा आहे. तरी लाल संदेश उजव्या एलएसओत काळ्या संदेशाच्या जवळपास सोबतच पोचतो. जाड तंतू आणि ते अवाढव्य टोक कशासाठी होतं, ते आता कळलं असेल. एक क्षण उशिरा आलेली वजाबाकी काही कामाची नाही. लहर निघून गेलेली असते.

घरात करून बघायचं असेल तर मित्राला पाठीमागे उभं करा, डोळे मिटा आणि त्याला किल्ल्यांचा जुडगा वेगवेगळ्या जागी वाजवायला सांगा. किल्ल्यांच्या आवाजात उंच वारंवारता भरपूर असतात, आणि डोक्याचा आडोसा उंच आवाजालाच नीट लागतो. बोट दाखवा. मग एक कान बोटाने घट्ट बंद करून पुन्हा. जुडगा उघड्या कानाकडे सरकल्यासारखा वाटेल. दोन्ही एलएसओंची वजाबाकी तुम्हीच बिघडवली आहे. हा प्रयोग आमच्या गल्लीत दुपारी करू नका, माग चालू असतात. सकाळी लवकर किंवा मग हुतात्मा बागेत जा.

वेळेचा खेळ : मिडिअल सुपीरिअर ऑलिव्ह

एलएसओ आणि एमएनटीबी यांच्या मध्ये एक उभी पट्टी काढा. हे एमएसओ, माणसात हे चांगलं मोठं आहे. खालच्या वारंवारतेचा आवाज डोक्याला वळसा घालून सहज पलीकडे जातो, तीव्रतेत फारसा फरक राहत नाही. राहतो तो वेळेचा. वळशाचं जास्तीचं अंतर साधारण २२-२३ सेंटिमीटर धरा, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. भागाकार केला की ६४० ते ६७० मायक्रोसेकंद येतात. मज्जापेशीची एक विद्युतलहरच साधारण एक मिलिसेकंदाची. म्हणजे लहरीच्या रुंदीपेक्षाही लहान फरक मोजायचा आहे. उंच आवाजाला तीव्रता, खालच्या आवाजाला वेळ, ही विभागणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच मांडली होती.

एमएसओच्या पेशीला दोन बाजूंनी दोन फांद्या असतात. एका फांदीवर या कानाचा काळा बाण, दुसरीवर त्या कानाचा. दोन्ही एकाच क्षणी आले की पेशी जोरात पेटते. लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये मांडलं की कमीजास्त लांबीच्या तंतूंमुळे प्रत्येक पेशी एका ठरावीक फरकाला जुळते. घुबडाच्या बाबतीत हे छान जुळून आलं. पाठ्यपुस्तकात बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते आणि चित्र पुन्हा सगळं काळं.

तुम्ही त्यात दोन लाल रेघा घाला : एक एमएनटीबीकडून, दुसरी त्याच्या बाहेरच्या बाजूच्या लॅटरल न्यूक्लियस ऑफ द ट्रॅपेझॉइड बॉडीकडून. दोन्ही ग्लायसीनवाल्या. जर्बिल या वाळवंटी उंदरासारख्या प्राण्यात ही लाल टोकं पेशीच्या अंगावर गोळा झालेली असतात, फांद्यांवर काळी टोकं उरतात. बेनेडिक्ट ग्रोथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की जर्बिलच्या एमएसओत स्ट्रिक्नीन देऊन ग्लायसीनचं दार बंद केलं तर पेशीचा आवडता वेळफरक सरकतो. म्हणजे वेळ जुळवण्यात लाल पेशीचाही हात आहे, नुसती तंतूंची लांबी नाही. यावर नंतर उलटसुलट प्रयोग आले, आणि थोपवण्याने नेमकं किती सरकतं हा वाद अजून मिटलेला नाही. कागदावर या दोन लाल रेघांशेजारी प्रश्नचिन्ह काढा. परीक्षक विचारणार नाहीत, पण तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्याकडच्या काजऱ्याच्या, कुचल्याच्या बीतलं विष. ग्लायसीनचा ब्रेक सुटला की माणसाला भयंकर आचके येतात आणि शुद्ध शाबूत असते. जन्मतःच ग्लायसीन रिसेप्टरमध्ये दोष असलेल्या बाळांना हायपरएक्प्लेक्सिया होतो. जीएलआरए१ या जनुकातला बदल १९९३ मध्ये सापडला. बाळ ताठ असतं, नाकाच्या शेंड्यावर हलकी टिचकी मारली तरी दचकतं, आणि पुन्हा मारली तरी तितकंच दचकतं; सवय होत नाही. बालरोगाच्या वॉर्डात असं मूल दिसलं तर तुमचा लाल कागद आठवा, आकडीचं औषध सुरू करायच्या आधी.

इअरफोनने तपासा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि बहुतेक मुलं आळस करून सोडतात. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज संपादित करायचं सॉफ्टवेअर उघडा, ते फुकट आहे. सॅम्पल रेट ४४,१०० ठेवा. एक मोनो नॉइज (नुसती खरखर) तयार करा, त्यातलं हजार हर्ट्झच्या वरचं फिल्टरने काढून टाका. मग त्याच ट्रॅकची प्रत काढा. दोनदा वेगवेगळा नॉइज बनवू नका, दोन्ही कानांत तोच हवा, नाहीतर डोक्यात नुसता पसरट खळखळाट होतो. एक प्रत पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. ऐका. आवाज डोक्याच्या मधोमध.

आता उजव्या ट्रॅकच्या सुरुवातीला २२ सॅम्पलची शांतता घाला. या दराला एक सॅम्पल म्हणजे २२.७ मायक्रोसेकंद, म्हणून २२ सॅम्पल म्हणजे साधारण ५०० मायक्रोसेकंद. तीव्रता दोन्हीकडे तीच आहे, तरी आवाज डाव्या कानाकडे जाऊन बसतो. सॅम्पल कमी करत या : १३, ६, ३. कुठपर्यंत सरकलेला कळतो ते लिहून ठेवा. सरावलेला माणूस १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही ओळखतो, म्हणजे एका सॅम्पलच्या निम्म्याहून कमी. लॅपटॉपची पायरीच तुमच्या एमएसओपेक्षा ढोबळ आहे.

१३ सॅम्पलवर परत या. आवाज डावीकडे आहे. आता उजव्या ट्रॅकचा आवाज हळूहळू वाढवा. एका जागी तो ओढून मध्यावर येतो. वेळ एका बाजूला ओढते, तीव्रता दुसऱ्या. वर कुठेतरी त्यांची तडजोड होते. मग सगळं पुसून ३,००० हर्ट्झच्या वरचाच नॉइज ठेवा, वेळफरक शून्य, उजवा ट्रॅक १० डेसिबलने कमी करा, आणि एलएसओचं काम ऐका. वायरचेच इअरफोन वापरा, आणि आवाज बेताचा ठेवा. फार मोठा केला तर पुढे येणाऱ्या, मागावर कान बिघडलेल्या माणसांत तुमची भर पडेल.

त्याच फाइलमध्ये नॉइजऐवजी एक बारीक टिक ठेवा. उजवीकडची टिक ८८ सॅम्पल उशिरा, म्हणजे २ मिलिसेकंद. एकच टिक ऐकू येईल, आणि ती डावीकडे. उशीर ८८२ सॅम्पल केला, म्हणजे २० मिलिसेकंद, की दोन टिका सुट्या होतात. पहिला आवाज मागून येणाऱ्या प्रतिध्वनीची दिशा खाऊन टाकतो. म्हणून तर अरुंद गल्लीत चार भिंतींवरून हाक आदळली तरी हाक मारणारा कुठे आहे ते कळतं. याचा एक भाग लाल पेशींकडे जातो. वर लॅटरल लेम्निस्कसच्या वाटेवर डॉर्सल न्यूक्लियस काढा, दोन्ही बाजूंना, लाल, रसायन गाबा. त्यांचे तंतू एकमेकांकडे आणि दोन्ही कॉलिक्युलसकडे जातात. वटवाघळांवरच्या प्रयोगांत या पेशींचं थोपवणं आवाज थांबल्यावरही काही काळ टिकतं असं दिसलं आहे. त्या काळात मागून आलेल्या आवाजाची दिशा पलीकडच्या पेशींना नीट मांडता येत नाही. एलएसओत थोपवणं क्षणाला क्षण जुळलेलं, इथे लांबलेलं. चौथा प्रश्न विचारला नसता तर दोन्ही लाल गोल सारखेच दिसले असते.

एलएसओकडून कॉलिक्युलसकडे जाणारे तंतूही दोन रंगांचे आहेत, हे इथेच उरकून घ्या : पलीकडच्या बाजूला जाणारे मुख्यतः काळे, त्याच बाजूला जाणारे बरेचसे लाल.

परत खाली, आणि भिंतीपलीकडे

कॉक्लिअर न्यूक्लियसमध्ये मी मुद्दाम शेवटी येते. तिथे लाल पेशींची गर्दी आहे आणि सुरुवातीलाच शिरलं की मुलं घाबरतात. मागच्या भागात, डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लियसमध्ये, मोठी काळी फ्युझिफॉर्म पेशी काढा. तिच्या एका टोकाला श्रवणतंतू येतो. दुसऱ्या टोकाला वरच्या थरातले समांतर तंतू, आणि ते आणतात मान, जबडा, कानाची पाळी यांच्याकडची बातमी. याच समांतर तंतूंवर पेटणारी लाल कार्टव्हील सेल फ्युझिफॉर्मला ग्लायसीनने थोपवते. खालच्या बाजूने व्हर्टिकल सेल अरुंद पट्टीत थोपवते, डी-स्टेलेट सेल रुंद पट्टीत, आणि डी-स्टेलेटचा तंतू चक्क पलीकडच्या कॉक्लिअर न्यूक्लियसपर्यंतही जातो. एवढ्या तीन काढल्या तरी पुरे.

या थोपवण्याचं महत्त्व मला भावाच्या कारखान्यात कळतं. धोट्याच्या मागावर माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालीवर बोलतात, कारण ऐकू येण्याचा प्रश्नच नसतो. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. कानात कापसाचा बोळा घालून ती पाळल्यासारखं होत नाही, प्लग किंवा मफ लागतो. बरीच वर्षं मागावर काढलेल्या माणसाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघा : ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. त्यातलेच एक काका मला म्हणाले, "ताई, माग बंद केला तरी कानात चालूच राहतोय की ओ." मोठ्या आवाजानंतर प्राण्यांमध्ये डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लियसमधलं ग्लायसीनचं थोपवणं कमी झालेलं आणि फ्युझिफॉर्म पेशी आपोआप जास्त पेटत असलेल्या दिसल्या आहेत. कानात घुमणाऱ्या आवाजाचं हे एक स्पष्टीकरण आहे, एकमेव नाही. काकांना मी दात घट्ट आवळायला सांगितले आणि विचारलं, आवाज बदलतो का? बदलला. तुम्हीही ओपीडीत हा प्रश्न विचारत चला. समांतर तंतू जबड्याकडून काय आणतात ते रुग्ण स्वतः सांगतो.

दुसरे मार्ग, भरभर

त्याच चार प्रश्नांनी बाकीचे संवेदनामार्ग पटापट उरकतात. तोल : डोकं उजवीकडे वळवलं की उजव्या आडव्या कॅनॉलच्या (आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीच्या) तंतूंचा पेटण्याचा दर वाढतो, डाव्याचा घटतो. दोन बाजूंची व्हेस्टिब्युलर केंद्रकं मध्यरेषेपलीकडे एकमेकांना थोपवतात, त्यामुळे फरक आणखी ठळक होतो. शिमाझू आणि प्रेक्ट यांनी १९६६ मध्ये मांजरात हे जोडकाम दाखवलं. अनुभवायचं तर वर्तमानपत्र स्थिर धरून डोकं 'नाही नाही' असं जोरात हलवत वाचा, जमतं. मग डोकं स्थिर ठेवून पेपर त्याच वेगाने हलवा, अक्षरं पुसली जातात. एका बाजूचा तोल अचानक गेलेल्या रुग्णाला चक्कर का येते आणि काही आठवड्यांत ती का ओसरते, याचा बराचसा हिशोब या लाल जोडणीत आणि सेरेबेलमच्या पर्किंजे पेशींनी वरून केलेल्या थोपवण्यात आहे.

स्पर्श : मेड्युलातल्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या सगळ्यात खालच्या तुकड्यातल्या, ग्रॅसाइल आणि क्युनिएट केंद्रकांत लाल पेशी शेजारच्या भागाला दाबतात, म्हणजे दाबलेल्या जागेची कड उठून दिसते. यू-पिन वाकवून दोन टोकं बोटाच्या शेंड्याला लावा, मग पाठीला. शेंड्यावर दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं कळतात, पाठीवर चार सेंटिमीटर गेले तरी एकच वाटू शकतं. फरकाचं मुख्य कारण त्वचेतल्या तंतूंची दाटी. लाल पेशी ती कड टिकवून वर पाठवतात. पाच मार्कांच्या प्रश्नात "लॅटरल इनहिबिशन" एवढा शब्द लिहून सोडू नका, कोण कुणाला दाबतं ते नावानिशी लिहा.

दोन सावधगिरीच्या खुणा कागदावर करून घ्या. ग्लायसीन म्हणजे नेहमीच वजा, असं नाही : नवजात पिल्लांत पेशीच्या आत क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे तेच दार उघडल्यावर पेशी उत्तेजित होते. केसीसी२ हा पंप क्लोराइड बाहेर काढू लागला की मग थोपवणं सुरू होतं, उंदरांत जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत. एमएनटीबी ते एलएसओ हा नकाशा त्याच दिवसांत नीट आखला जातो. आणि उलट बाजूने, ॲसिटिलकोलीन म्हणजे नेहमीच अधिक, असंही नाही. सुपीरिअर ऑलिव्हकडून कानाकडे उलटे जाणारे ऑलिव्होकॉक्लिअर तंतू, रासमुसेन यांनी १९४६ मध्ये वर्णन केलेले, कानाच्या आतल्या, केसांसारखी टोकं असलेल्या पेशींपैकी बाहेरच्या ओळींवर, म्हणजे बाहेरच्या हेअर सेल्सवर, ॲसिटिलकोलीनच सोडतात. आत शिरलेलं कॅल्शियम पोटॅशियमचं दार उघडतं आणि हेअर सेल थोपवली जाते. हा तंतू निळ्याने काढा, वरून खाली.

ईएनटीच्या पोस्टिंगला जाल तेव्हा कागद सोबत न्या. बेरा तपासणीत कानात क्लिक वाजवून ब्रेनस्टेमच्या विद्युतलाटा डोक्यावरून नोंदतात; तिच्या पट्टीवर पहिली लाट श्रवणतंतूची, तिसरी कॉक्लिअर न्यूक्लियसच्या आसपासची, पाचवी लॅटरल लेम्निस्कस ते कॉलिक्युलसकडची. त्या त्या जागी पेन्सिलीने आकडे टाका. लाल पेशी पट्टीवर सरळ दिसत नाहीत. पण डावा कान, उजवा कान आणि दोन्ही कान अशा तीन पट्ट्या मिळाल्या तर पहिल्या दोघींची बेरीज करा आणि तिसरी तिच्याशी ताडून बघा. दोन्ही कानांची पट्टी पाचव्या लाटेच्या सुमारास बेरजेपेक्षा लहान भरते, आणि तो फरक मुख्यतः एलएसओच्या वजाबाकीशी जोडला जातो. फरक अगदी बारीक असतो, खोलीत गोंगाट किंवा रुग्णाची मान आखडलेली असली तर बुडून जातो. म्हणून रुग्णाला आडवं झोपवून, मान सैल करून, नेहमीपेक्षा जास्त क्लिक घ्यायची विनंती करा.